मायनं न ऐकलेलं क्लॅरिनेट

तोंड बोटांनी मोजतात हे मला नांदेडला कळलं. पेशंटनं आपलीच बोटं एकावर एक धरून दातांमध्ये घालायची. तीन गेली तर तोंड ठीक. बाबांची आधी दोन जायची. त्या दिवशी एक गेलं, तेही कसंबसं. डॉक्टरांनी टॉर्च मारून गालाच्या आतली जखम पुन्हा बघितली. तपासणीचा निकाल त्यांच्या टेबलावर होताच. डावीकडचा जबडा काढावा लागेल, असं त्यांनी सांगितलं आणि पुढच्या महिन्यातली तारीख दिली.

परतीच्या बसमध्ये बाबा खिडकीकडे बसले. वारंगा फाट्याला उतरल्यावर, माझ्या हातातली फाइल स्वतःकडे घेत म्हणाले, "माळ्यावरची पेटी काढायची."

"कोणती?"

"क्लारनेटची."

घरी गेल्यावर मायला त्यांनी जबड्याचं सांगितलं नाही, ते मी सांगितलं. त्यांनी एवढंच सांगितलं, "तुला एकदा ऐकवायचं राहिलं. जायच्या आधी एक गाणं वाजवतो. पुरं."

माय भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तोंडात घास जाईना आन् बाजा कुठून जाईल तुमच्या?"

"जाईल तेवढा जाईल."

"जाऊ द्या मंग. मी कुठं पळून चालले का?"

क्लॅरिनेट म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये सगळ्यांच्या पुढं चालणारं वाद्य. काळं लाकूड, त्यावर चांदीसारख्या चाव्या, वरच्या टोकाला फुंकायचा माउथपीस. बाबा ते डोंगरकड्याच्या बँडमध्ये वाजवायचे. माझ्या जन्माआधीपासून, मी शाळेत होते तोवर. आणि त्यांच्या बायकोनं ते एकदाही ऐकलेलं नाही. लोकांना हे खोटं वाटतं. पण आमच्या वस्तीत ते तसंच होतं आणि त्याला कारण होतं.

आमच्या जातीनं गावाची हलगी वाजवायची, असा गावाचा कायदा होता. मढ्यापुढं वाजवायची, पोळ्याला बैलांपुढं वाजवायची, मोठ्या दारातून बोलावणं आलं की उन्हात उभं राहून वाजवायची, आणि शिळं घेऊन घरी यायचं. माझ्या थोरल्या काकांनी ते बंद पाडलं. त्यांनी हिंगोलीहून पत्रकं छापून आणली, घरोघर वाचून दाखवली आणि समाजमंदिरापुढं सगळ्या हलग्या गोळा करून सगळ्यांकडून शब्द घेतला की या वस्तीत आता बाजा वाजणार नाही. गावानं मजुरी तोडली, किराणा तोडला, पिठाची गिरणी तोडली. बायका दळण डोक्यावर घेऊन दुसऱ्या गावाला चालत गेल्या. पण हलगी कुणी उचलली नाही.

मी त्या पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पहिलीच्या पुस्तकाआधी पत्रक आलं. फळीवर अंथरायला पत्रक, वह्यांना कव्हर पत्रकाचं, कुडाच्या फटीत पत्रक. 'बंधूंनो आणि भगिनींनो' हे मी ओळखलेले पहिले शब्द. आजही मी कुठं बोलायला उभी राहिले की माझी वाक्यं काकांच्या वाक्यांसारखीच येतात, आणि मला त्याची लाज वाटत नाही. ते पत्रक बरोबर होतं. आजही बरोबर आहे. पुढं जे सांगणार आहे त्यामुळं त्यातला एक शब्दही मी मागं घेत नाही.

बाबांचं म्हणणं असं होतं की क्लारनेट म्हणजे हलगी नव्हे. आमी बोलावल्यावर पळत जात न्हाई, तारीख ठरवून जातो, कोट घालून जातो. यावर काका म्हणाले होते, "कोट घातला म्हणून पंगतीला बसवतात का रे?"

पंगतीला बसवत नव्हतेच. बँडवाल्यांची पानं सगळ्यात शेवटी, मांडवाच्या मागं, तीही उरलं तर.

शेवटी दोघा भावांमध्ये एक तोडगा निघाला. वाजवायचं तर गावाबाहेर वाजव. वस्तीत सूर ऐकू आला तर तू माझा भाऊ नाहीस. बाबांनी क्लॅरिनेट डोंगरकड्याला बँडच्या मास्तरांकडेच ठेवलं. तालीम तिथं, वाजवणं सेनगाव-गोरेगावकडच्या लग्नांत. मायचं आणि त्यांचं लग्नही काकांनी पत्रकाबरहुकूम लावलं, बिनबाज्याचं. दुसऱ्यांच्या लग्नांना आमच्या बायकांना कोण बोलावणार? तर अशा रीतीनं माझ्या मायचा नवरा अर्ध्या जिल्ह्याच्या नवऱ्या मुलींना रडवत फिरला, आणि तिला त्याच्या कोटाला येणारा घामाचा वास तेवढा माहीत.

मग डीजे आला. मोठाले स्पीकर टेम्पोवर चढले आणि बँड बसला. बाबा पेटी घेऊन घरी आले, ती माळ्यावर गेली. पुढं काकाही वारले. तेव्हा मी विचारलं होतं, आता वाजवा की. बाबा म्हणाले, "तो गेला आन् मी लगेच वाजवलं, तर लोक म्हणतील हा त्याच्या मरायचीच वाट बघू लागला होता." माणूस हयात असताना शब्द पाळायचा, तो गेल्यावर लाजेनं पाळायचा. असे आमचे बाबा.

आता ते पुड्यांच्या ताटाचं सांगते, कारण ते कुणी लिहीत नाही. वरातीत बँडवाल्यांना पंगत शेवटी, पण सुपारीच्या पुड्यांचं ताट सगळ्यात आधी. नवरदेवाकडचा कुणी तरी ताट घेऊन पुढं येणार, बँडवाल्यांपुढं धरणार, आणि ते घ्यायचंच. नाही म्हटलं तर मान घेतला नाही असं व्हायचं. जेवण मिळेस्तोवर चार-चार तास चालायचं, भूक मारायला ती पुडी. गालात पुडी धरून फुंकायचं. वर्षानुवर्षं. अन्न द्यायला हात आखडले ते लोक विष मात्र ताटात घालून, वर हळदीकुंकवाची बोटं लावून द्यायचे, आणि माझे बाबा त्याला मान म्हणायचे. अजून म्हणतात.

ही गुटख्याची पुडी आपल्या राज्यात बंद आहे. फाट्यावरच्या प्रत्येक टपरीवर तोरणासारखी लटकते. मी त्यावर पत्रक काढलं, स्वतः वाटलं. एका टपरीवाल्यानं पूर्ण वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाला, "ताई, शंभर टक्के पटलं." आणि माझ्यासमोर एका पोराला दोन पुड्या तोडून दिल्या.

पेटी उघडली तेव्हा आतून उंदराच्या लेंड्या पडल्या. लाकूड सुकून पांढुरकं झालं होतं. वाद्याचे तुकडे एकमेकांत बसतात त्या जागेचं बुचाचं अस्तर भुसा होऊन गळलं. चाव्यांच्या खाली भोकं झाकायला चामड्याच्या छोट्या गाद्या असतात, त्या किड्यांनी खाल्ल्या होत्या. चाव्या उचलणाऱ्या बारीक सुयांसारख्या स्प्रिंगा गंजून काहींचे नुसते बुडखे राहिले होते. माउथपीस होता, पण त्यावर वरच्या दातांच्या जागी खोल खड्डे.

"हे तुमच्या दातांचे?" मी विचारलं.

बाबांनी मान हलवली. त्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. मग माउथपीस ओठांत धरायला गेले आणि तो दातांवर आपटून बाहेरच राहिला. माय दारातून बघत होती.

मी त्यांना सांगितलं, आधी वाद्य नीट करू, मग तोंडाचं बघू. मला वाटतं त्या दिवसांत आम्हा दोघांना हेच हवं होतं, ज्याला काही तरी करता येतं असं काही. जबड्याचं आम्हाला काही करता येत नव्हतं.

लाकडाला करडीचं तेल चोळलं. काडीला चिंधी गुंडाळून आतूनही फिरवलं. लाकूड तेल पीत गेलं, पुन्हा काळं झालं. चाव्या चिंचेनं घासल्या. बुचाच्या जागी मेण लावलेला दोरा गुंडाळला. ते बाबांनीच केलं. स्प्रिंगांच्या जागी शिवायच्या सुया तोडून बसवल्या. मायनं आपल्या सुयांची डबी पुढं केली आणि म्हणाली, "सगळ्या नका घेऊ. तुमच्या गाण्याच्या नादी माझी वाकळ उसवीच राहील."

गाद्या मी नांदेडच्या वाद्यांच्या दुकानातून आणल्या. लाख तापवून त्या चाव्यांत चिकटवायच्या आणि मग बघायचं की भोक पूर्ण झाकतंय का. हवा जराशी निसटली तरी सूर येत नाही. हे तपासायला पातळ कागदाची पट्टी गादीखाली धरायची, चावी दाबायची आणि पट्टी हळू ओढायची. अडकली तर गादी बसली. सरळ निसटून आली तर तिथं फट आहे.

"पातळ कागद लागंल," बाबा म्हणाले.

घरात पातळ कागद एकाच प्रकारचा होता. मी काकांच्या जुन्या पत्रकांचा गठ्ठा काढला. स्वस्त, पिवळा, पापडासारखा कागद. बाबांनी माझ्याकडे बघितलं.

"त्याच्यावर तो बोंबलंल."

"बोंबलू द्या. कागद त्यांचा, घर तुमचं."

ते हसले असावेत. त्यांचं हसू आता गालावर येत नव्हतं, डोळ्यांच्या कडेला जरा हलायचं. मी पत्रकाच्या पट्ट्या कापल्या आणि आम्ही एकेक गादी तपासत बसलो. 'या वस्तीत बाजा वाजणार नाही' हा मजकूर माझ्या हातांनी भोकांवर धरला जात होता आणि बाबा चावी दाबून म्हणत होते, "ओढ." कागद अडकला की "बस, पुढं." निसटला की लाख पुन्हा तापवायची. काका असते तर मी त्यांच्याशी भांडले असते. ते नव्हते म्हणून नुसतं काम झालं.

वाद्य तयार झालं. प्रश्न माउथपीसचा राहिला. दुकानात होते ते जाडजूड प्लास्टिकचे. एक आणला, तोही दातांवरच थांबला. बाबा म्हणाले, "डोंगरकड्याला जाऊ."

मास्तर डोंगरकड्यालाच असतात. एके काळी पांढरी टोपी, खांद्यावर सोनेरी झालर, पुढं काठी. आता केळीच्या गाड्या भरतात तिथं उभं राहून घडांवर लक्ष ठेवतात. आम्ही गेलो तेव्हा पोत्यावर बसले होते. बाबांना बघून उठले, मिठी मारली, मग दोन्ही खांदे धरून दूर केलं आणि तोंडाकडे बघितलं.

"अबे, हे काय करून घेतलंस?"

बाबांनी बोट उभं करून दातांत घालून दाखवलं. एवढंच.

मास्तर वाकून दातांकडे डोकावले. मग म्हणाले, "जिंदगीभर बोंबलून सांगितलं, वाजवताना तोंड कमी उघड, कमी उघड. तवा ऐकलं न्हाई. आता ऐकलंस व्हय?"

दोघं हसले. मला राग आला. मग बघितलं तर मास्तरांनी टोपी काढून तोंडावर धरली होती.

बँड मोडला तेव्हा विकलं गेलं नाही ते सगळं मास्तरांच्या घरी एका पत्र्याच्या पेटीत होतं. झिजलेल्या पत्त्या, म्हणजे माउथपीसला खालून बांधायच्या वेताच्या पातळ पट्ट्या, त्या फुंकेनं थरथरतात आणि सूर निघतो. आणि माउथपीस. मास्तरांनी ते जमिनीवर ओतले. बँडवाल्यांना मोकळ्यावर, ढोल-ताशांच्या वर आवाज काढायचा असतो, म्हणून त्यांचे सगळे माउथपीस खुले, म्हणजे पत्ती आणि टोक यांच्यात फट मोठी. त्याला जोर लागतो, ओठाची पकड लागते. बाबांकडे आता दोन्ही नव्हतं.

"हा घे."

"जाड आहे."

"हा?"

बाबांनी लावून बघितला. टोक आत गेलं, पण ओठ मिटेनात. बाजूनं लाळ गळली. त्यांनी ती पटकन बाहीनं पुसली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

मास्तरांनी पेटीच्या तळातून एक काढला. त्याची चोच वरून तासलेली होती, बदकाच्या चोचीसारखी चपटी. कानशीचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

"आपल्या बँडातल्या म्हाताऱ्याचा," मास्तर म्हणाले. "याद आहे का? दात पडले त्याचे, तर बाजा सोडायचं सोडून ह्याच्यावर कानस चालवली. मी म्हटलं, खराब केलास बे माउथपीस. तर म्हणे, मास्तर, तोंड नवं मिळत न्हाई."

फट लहान, चोच पातळ. बाबांनी सगळ्यात मऊ पत्ती निवडली, जिभेवर ओली केली, बांधली. क्लॅरिनेट जोडलं. माउथपीस तिरका करून उजव्या बाजूनं, चांगल्या गालाकडून, आत सरकवला. ओठ मिटले. पूर्ण नाही, पण मिटले.

पहिल्यांदा हवाच आली. दुसऱ्यांदा हवा. मास्तर म्हणाले, "पोटातून. गालातून नको, पोटातून, यार."

तिसऱ्यांदा सूर आला.

खालचा, जाड सूर. एकच. फार वेळ टिकला नाही. पण तो आला, खोलीभर आला, आणि मास्तरांची सून आतून पीठ भरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. मी मोबाइल काढला. बाबांनी माउथपीस तोंडातून न काढताच हातानं नको म्हटलं. नंतर म्हणाले, "मोबाइलात काहून? रविवारी तुझ्या मायला खराच ऐकवतो."

येताना जीपमध्ये त्यांनी माउथपीस रुमालात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला होता. मास्तर म्हणाले होते ते चार वेळा त्यांनी मला सांगितलं: रोज थोडं, दमायचं न्हाई, रविवारी एकदाच. सोमवारी सकाळी आम्हाला नांदेडला भरती व्हायचं होतं.

त्या आठवड्यात ते आमच्या घरात, वस्तीच्या मधोमध, दार लावून फुंकायचे. सूर येऊ नये इतकं हळू. नुसती पत्ती थरथरावी एवढंच. काकांचा शब्द रविवारी एकदाच मोडायचा, त्याआधी नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. माय म्हणायची, "चोरावानी काय फुसफुसून राहिले?" पण त्या वेळी भांडी घासायची नाही. हात थांबवून बसायची.

आता मायचं सांगते. डॉक्टरांनी तिला एक गोष्ट बजावली होती. तोंडात जखम आहे, तोंडात जाईल ते स्वच्छ पाहिजे, उकळून घ्या. तिनं ते कायद्यासारखं धरलं. चमचा उकळायची, पेला उकळायची, पातळ पेज पिण्याची नळी उकळायची. आणि तसंही उकळणं आमच्या घरात नवं नव्हतं. वस्तीला गावाच्या विहिरीवर बंदी होती, ओढ्याचं पाणी प्यावं लागलं, लेकरं जुलाबानं गेली, तेव्हा काकांचं दुसरं पत्रक निघालं होतं: पाणी उकळा, भांडी उकळा, आपलं लेकरू आपण वाचवा. मायनं त्या पत्रकावरच मला वाढवलं. मी जगले, ती उकळत राहिली.

रविवारी सकाळी बाबा आंघोळीला गेले. त्यांनी माउथपीस फळीवर स्वच्छ रुमालावर ठेवला होता. मी समाजमंदिराकडे गेले होते, शेजारच्यांना सांगायला की दुपारी आमच्याकडून आवाज येईल, कुणी वेगळं समजू नये. परत आले तर घरात वास. आगकाडी विझल्यावर येतो तसा, गंधकाचा. चुलीवर पातेलं. पातेल्यात माउथपीस गटांगळ्या खात होता.

"माय!"

"काय झालं? तोंडात जायचंय ते. किती माणसांच्या तोंडातलं असंल, ठाऊक हाय का तुला?"

मी चिमट्यानं बाहेर काढला. लाकूड नव्हे ते, कडक काळं रबर असतं. काळा रंग गेला होता. हिरवट, मळकट, शेवाळासारखा दिसत होता. पत्ती बसते ती सपाट बाजू मी डोळ्यापुढं धरली. सपाट राहिली नव्हती. मधोमध उचलली गेली होती.

बाबा अंगावर टॉवेल घेऊन आत आले. वास त्यांना बाहेरच आला असणार. माझ्या हातातून माउथपीस घेतला, गरम होता तरी. मायकडे बघितलं. मला वाटलं आता ओरडतील. ओरडण्याइतकं तोंड उघडत नव्हतं, पण तो प्रश्नच आला नाही.

"बरं केलं," ते म्हणाले. "धुवायचाच होता."

मायला तेव्हा कळलं. ती चुलीपुढं बसली ती उठलीच नाही.

बाबांनी आरसा भिंतीवरून काढला, जमिनीवर ठेवला. त्यावर पॉलिश पेपर ठेवला आणि माउथपीसची वाकलेली बाजू घासायला लागले. गोल, गोल, अगदी सावकाश. अधूनमधून पत्ती लावून उजेडाकडे धरायचे. फटीतून उजेड दिसायचा. पुन्हा घासायचे. दुपार झाली. शेजारच्या दोन बायका येऊन बसल्या, थोड्या वेळानं उठून गेल्या. मी मास्तरांना फोन लावला. मास्तर म्हणाले, दुसरा तसा न्हाई बेटी.

दुपारनंतर बाबांनी क्लॅरिनेट जोडलं. ओठांत धरलं. फुंकलं. हवा. पुन्हा हवा. एकदा किंकाळीसारखं काही तरी फुटलं, बाहेरचं कुत्रं उठून उभं राहिलं. पुन्हा हवा. माउथपीस बाहेर काढला तेव्हा पत्तीच्या टोकाला रक्त होतं.

"बास," माय म्हणाली. "बास करा."

बाबांनी ऐकलं. माउथपीस काढून बाजूला ठेवला. पण क्लॅरिनेट खाली ठेवलं नाही. ते तसंच, बिनतोंडाचं, छातीपाशी धरलं आणि बोटं चालवायला लागले. पाठवणीला वाजवायचे ती चाल असणार. भोकांवर बोटं, चाव्या खाली-वर, नव्या गाद्यांचा टप-टप असा अगदी बारीक आवाज. गाद्या छान बसल्या होत्या. कुठं अडकत नव्हत्या. त्यांनी डोळे मिटले होते. पहिलं कडवं, दुसरं कडवं असं असावं, कारण मध्ये थांबले, श्वास घेतला, पुन्हा सुरू केलं. पूर्ण गाणं.

मग डोळे उघडून मायकडे बघितलं.

माय म्हणाली, "मला काय ऐकू आलं न्हाई. खोटं कशाला बोलू?"

"व्हय," बाबा म्हणाले. "खोटं नको बोलू."

आमच्या घरात कुणी खोटं बोलत नाही. हेही पत्रकांनीच शिकवलं. त्या दुपारी मला वाटलं, कुणी तरी शिकवलं नसतं तर बरं झालं असतं. पण माय बोलली ते बरोबरच होतं. तिनं ऐकू आलं म्हटलं असतं तर बाबांनी तिच्याशी बोलणं सोडलं असतं.

ती उठली आणि नांदेडची पिशवी भरायला लागली.

ऑपरेशन झालं. डावा गाल आत गेला आहे. बोलतात ते मला आणि मायलाच कळतं, तेही अंदाजानं. पेज नळीनं घेतात. पुढं काय, हे डॉक्टर 'बघू' म्हणून सांगतात, आणि त्यांच्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. फाट्यावरची तोरणं तशीच लटकलेली आहेत. मी दुसरं पत्रक लिहिलं आहे, ते पहिल्यापेक्षा कडक आहे, आणि त्यानं काही होणार नाही हे मला माहीत आहे. तरी वाटणार आहे.

बाबा दर आठवड्याला क्लॅरिनेट काढतात. तुकडे सुटे करतात, करडीचं तेल चिंधीवर घेतात, आतून फिरवतात, बाहेरून पुसतात. आमच्याकडच्या उन्हात लाकूड तडकतं. तडकू नये म्हणून. ते कुणी वाजवणार नाही. मला येत नाही, आणि बाबांना आता फुंकून शिकवता येत नाही. तो हिरवट माउथपीस पेटीतच आहे, त्याच्या जागेवर.

परवा बाबा तेल लावत होते आणि माय तांदूळ निवडत होती. अचानक मला म्हणाली, "डोंगरकड्याला तू ऐकला न तो सूर?"

"हो."

"कसा होता?"

बाबांचे हात थांबले. मी सांगायला लागले. खालचा होता, म्हटलं. जाड. गरम. रेड्याच्या छातीतून... नाही, तसा नाही. गोधडीवर हात फिरवल्यावर लागतं तसा. मी लिहिणारी आहे. शब्दांवर माझं पोट नसलं तरी माझा सगळा माज शब्दांवर आहे. मी आणखी दोन-तीन गोष्टी बोलले.

मायनं सूप खाली ठेवलं आणि ऐकत राहिली. मग म्हणाली, "असं न्हवं गं. मंजे कसा?"

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी तोंड उघडायचा प्रयत्न केला, घशातून काही तरी आलं, आणि थांबलं. मग त्यांनी चिंधीवर आणखी थोडं तेल घेतलं.